बाईकवरून खानदेश फिरताना मुक्काम कुठे? तंबू, लॉज की मळा

दोन-तीन दिवसांच्या बाईक ट्रिपचं नियोजन करताना रस्ता, पेट्रोल आणि बघायची ठिकाणं यावर भरपूर चर्चा होते. रात्री झोपायचं कुठे, हा प्रश्न मात्र बहुतेक वेळा शेवटी येतो. एका बाजूला तंबू घेऊन मोकळ्या आकाशाखाली राहणारे रायडर असतात, तर दुसऱ्या बाजूला "गरम पाणी आणि पंखा हवाच" म्हणणारे. कोकणात किंवा सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर हा बराचसा आवडीचा प्रश्न आहे. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत तसं नाही. इथे निर्णय घेतात तो ऋतू, कायदा आणि महामार्ग. शिवाय रात्रीची झोप नीट झाली नाही, तर दुसऱ्या दिवशी ट्रकच्या रांगांमधून बाईक चालवताना त्याची किंमत मोजावी लागते.

मोटेल म्हणजे नेमकं काय?

'मोटेल' हा शब्द 'मोटर' आणि 'हॉटेल' या दोन शब्दांपासून तयार झाला. १९२५ मध्ये अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात सॅन लुई ओबिस्पो इथे सुरू झालेलं 'माइलस्टोन मोटेल' हे या नावाचं पहिलं ठिकाण मानलं जातं. खोलीच्या दारासमोरच गाडी उभी करायची, रात्र काढायची आणि सकाळी निघायचं, अशी त्यामागची कल्पना होती.

आपल्याकडे महामार्गावर 'मोटेल' अशा पाट्या दिसतात, पण त्यातल्या अनेक ठिकाणी फक्त जेवण मिळतं, खोल्या नसतात. खानदेशात रात्रीच्या मुक्कामाची खरी सोय म्हणजे गावातलं लॉज. ते बहुतेक बसस्थानक किंवा रेल्वे स्टेशनच्या परिसरात असतं. त्याशिवाय शासकीय विश्रामगृहं, वन विश्रामगृहं, देवस्थानांची भक्तनिवासं आणि एमटीडीसीची पर्यटक निवासं हे पर्याय आहेत. महामार्गावरच्या धाब्यावरची खाट ही तर ट्रकचालकांची जुनी सोय. जेवल्यावर तासभर पाठ टेकायला ती रायडरलाही चालते, पण रात्रभराच्या झोपेसाठी ती पुरेशी नाही.

सगळे रस्ते धुळ्यात का भेटतात?

धुळे हे महामार्गांचं मोठं जंक्शन आहे. मुंबई-आग्रा रस्ता आणि सुरत-नागपूर रस्ता इथे एकमेकांना छेदतात. सोलापूर-छत्रपती संभाजीनगरकडून कन्नड घाट उतरून चाळीसगावमार्गे येणारा रस्ताही इथेच मिळतो. धुळ्याहून जळगाव सुमारे ९५ किलोमीटर आहे आणि तोच रस्ता पुढे भुसावळ, मुक्ताईनगरमार्गे विदर्भात जातो. त्यामुळे मुंबईहून इंदूरला किंवा सुरतेहून नागपूरला बाईकवर निघालेल्यांचा एक मुक्काम साहजिकच या पट्ट्यात पडतो.

हे रस्ते अवजड वाहतुकीचे आहेत. ४ जुलै २०२३ रोजी शिरपूर तालुक्यातल्या पळासनेरजवळ मध्य प्रदेशाकडून उतरणाऱ्या कंटेनरचे ब्रेक निकामी झाले. वाहनांना धडक देत तो महामार्गालगतच्या हॉटेलात घुसला आणि किमान १० जणांचा मृत्यू झाला. बिजासन घाटाच्या पायथ्याचा हा उतार आहे. यातून मुक्कामासाठी एक साधा नियम निघतो. तंबू असो, खाट असो की लॉज, झोपायची जागा महामार्गाला अगदी चिकटून नसावी आणि घाटाच्या उताराखाली तर मुळीच नसावी. थोडं आत, गावात गेल्यास आवाजही कमी आणि धोकाही कमी.

ऋतू काय सांगतो?

खानदेशात तंबू की लॉज या प्रश्नाचं निम्मं उत्तर कॅलेंडर देतं.

*मार्च ते जूनचा पहिला पंधरवडा :* एप्रिल-मे महिन्यांत जळगाव-भुसावळ पट्ट्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. दिवसभर तापलेली काळी जमीन रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहते. बंदिस्त तंबूत हवा खेळत नाही, त्यामुळे आत बाहेरच्यापेक्षा जास्त उकडतं. या दिवसांत खानदेशातली माणसं गच्चीवर किंवा अंगणात खाट टाकून झोपतात, ते याच कारणामुळे. या काळात तंबू घरीच ठेवावा. हवा कोरडी असल्यामुळे साधा वाळ्याचा कूलरही खोली चांगली गार करतो, म्हणून एसी खोलीचा आग्रह धरायची गरज नसते.

उन्हाळ्यात लॉजचा खरा उपयोग रात्रीपेक्षा दुपारी होतो. पहाटे पाचला निघून सकाळी दहा-अकरापर्यंत पुढचं गाव गाठायचं, दुपार खोलीत काढायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहाटे निघायचं, हे वेळापत्रक या भागात सर्वांत सुरक्षित. भर दुपारी हेल्मेट आणि जाड जॅकेट घालून चालवताना शरीरातलं पाणी झपाट्याने कमी होतं. चक्कर, गुंगी, डोकेदुखी जाणवली तर पुढचं गाव येण्याची वाट न पाहता सावलीत थांबावं.

*जून ते सप्टेंबर :* पावसाळ्यात सातपुडा आणि अजिंठ्याच्या डोंगररांगा हिरव्यागार होतात आणि तंबूचा मोह होतो. पण याच डोंगरांतून उतरणारे नाले अचानक भरतात. ३१ ऑगस्ट २०२१ रोजी डोंगरात झालेल्या पावसाने तितूर आणि डोंगरी नद्यांना पूर येऊन चाळीसगाव शहरात पाणी शिरलं आणि कन्नड घाटात दरडी कोसळून रस्ता बंद झाला. तापीवरच्या हतनूर धरणाला ४१ दरवाजे आहेत. वरच्या भागात पाऊस झाला की ते उघडले जातात, तेव्हा खाली आकाश निरभ्र असलं तरी नदीचं पाणी वाढतं. म्हणून नदीपात्रात, वाळूवर किंवा नाल्याच्या काठावर तंबू लावू नये. शिवाय काळी माती भिजली की चिखल चाकात आणि मडगार्डमध्ये इतका घट्ट बसतो की बाईक शेतरस्त्यावरून बाहेर काढणं अवघड होतं.

*नोव्हेंबर ते फेब्रुवारी :* हा तंबूचा हंगाम. आकाश स्वच्छ, जमीन कोरडी, दिवसा ऊन सुसह्य. मात्र थंडीला कमी लेखू नये. धुळ्यात थंडीच्या लाटेत पारा ५-६ अंशांपर्यंत उतरतो. चादर आणि जॅकेटवर भागत नाही. चांगली स्लीपिंग बॅग आणि तिच्याखाली मॅट लागतेच, कारण अर्धी थंडी जमिनीतून येते. तंबूत शेगडी, कोळसे किंवा स्टोव्ह पेटवून ऊब घेणं जिवावर बेतू शकतं. बंद जागेत तयार होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, त्यामुळे झोपेतल्या माणसाला धोका कळतही नाही.

तंबू कुठे लावता येत नाही?

खानदेशातल्या निसर्गरम्य जागांपैकी बऱ्याच जागा वनक्षेत्रात आहेत. सातपुड्यातलं यावल अभयारण्य, चाळीसगाव-कन्नड सीमेवरचं गौताळा औट्रमघाट अभयारण्य आणि शिरपूर तालुक्यातलं अनेर धरण अभयारण्य ही तीन मोठी उदाहरणं. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार अभयारण्यात परवानगीशिवाय प्रवेश करता येत नाही आणि आग लावण्यास मनाई आहे. राखीव वनातही भारतीय वन कायदा, १९२७ नुसार विस्तव पेटवणं आणि विनापरवाना शिरणं गुन्हा ठरू शकतो. फेब्रुवारी ते जून हा वणव्यांचा काळ असल्याने तेव्हा नियम अधिक कडकपणे पाळले जातात.

पाटणादेवी हे याचं नेहमीचं उदाहरण. चाळीसगावपासून सुमारे १८ किलोमीटरवर डोंगराच्या कुशीत हे देवस्थान आहे. गणिती भास्कराचार्यांच्या परंपरेशी संबंधित शिलालेख इथे सापडला. परिसरात धवलतीर्थ, केदारकुंड आणि वरच्या बाजूला पितळखोरा लेणी आहेत. जागा पाहून कुणालाही तंबू ठोकावासा वाटेल, पण हा अभयारण्याचा परिसर आहे. इथे रात्री राहायचं असेल तर वनविभागाकडे आधी चौकशी करून मिळेल ती अधिकृत सोय घ्यावी, नाहीतर संध्याकाळपूर्वी चाळीसगाव गाठावं.

किल्ले आणि लेण्यांबाबतही तेच. केंद्रीय संरक्षित स्मारकं सूर्योदय ते सूर्यास्त एवढ्याच वेळेत खुली असतात, त्यामुळे तिथे मुक्कामाचा प्रश्नच येत नाही. धुळ्याजवळचा लळिंग किंवा साक्री तालुक्यातला भामेर हे किल्ले दिवसा पाहून खाली उतरावं, हेच बरं.

साप, बिबट्या आणि रात्रीचं पाणी

शेतात किंवा माळावर झोपताना तीन गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात.

पहिली, साप. मण्यार हा विषारी साप रात्री फिरतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसांना त्याचा दंश झाल्याच्या घटना भारतभर घडतात. दंशाच्या जागी अनेकदा फारशी वेदना किंवा सूज नसते, म्हणून उशीर होतो. नुसती सतरंजी टाकून झोपण्यापेक्षा पूर्ण चेन लावता येणारा, तळ शिवलेला तंबू कितीतरी सुरक्षित. बूट आणि हेल्मेट तंबूच्या आत ठेवावेत आणि सकाळी झटकूनच घालावेत. दंश झाला तर मांत्रिकाकडे वेळ न घालवता सरकारी रुग्णालय गाठावं. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते.

दुसरी, बिबट्या. २०१७ च्या अखेरीस चाळीसगाव तालुक्यात बिबट्याच्या हल्ल्यांत काही ग्रामस्थांचे बळी गेले आणि डिसेंबरमध्ये त्या बिबट्याला गोळी घालून ठार करावं लागलं. असे प्रसंग विरळा असले तरी उसाच्या, केळीच्या दाट शेतांलगत उघड्यावर झोपू नये. उरलेलं अन्न, विशेषतः मांसाहारी खरकटं, तंबूजवळ टाकू नये. त्याने कुत्री येतात आणि कुत्र्यांच्या मागावर बिबट्या येतो. वन्यप्राण्यांविषयी मदतीसाठी वनविभागाचा १९२६ हा क्रमांक आहे.

तिसरी गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसते. शेतीपंपांची वीज अनेक गावांत पाळीपाळीने रात्री येते. रात्री दोनला मोटार सुरू झाली की सारीतून पाणी वाहू लागतं. मालकाला न विचारता शेतात तंबू लावलेला रायडर झोपेतच भिजतो. "आज रात्री लाइट कधी आहे?" हा प्रश्न झोपण्यापूर्वी विचारलेला बरा.

लॉज निवडताना काय विचारावं?

खोली पाहण्याआधी पार्किंग पाहावं. बाईक रस्त्यावर राहणार की आत, रात्री शटर किंवा गेट बंद होतं का, राखण असते का, हे विचारावं. शटर बंद होत असेल तर दुसरा प्रश्न लगेच विचारावा : पहाटे पाचला ते उघडून कोण देणार? मॅनेजरला रात्रीच सांगून ठेवलं नाही, तर पहाटेचा गार वेळ काउंटरसमोर वाट पाहण्यात जातो.

चेक-आउटची पद्धतही विचारून घ्यावी. काही ठिकाणी दुपारी बाराला खोली सोडावी लागते, तर छोट्या शहरांतल्या अनेक लॉजमध्ये आल्यापासून २४ तास मोजतात. सकाळी अकराला पोहोचणाऱ्या उन्हाळी प्रवाशासाठी २४ तासांची पद्धत फायद्याची. ओळखपत्र म्हणून वाहन परवाना चालतो. प्रत्येक प्रवाशाचं ओळखपत्र मागितलं जातं, त्यामुळे मागे बसणाऱ्याकडेही स्वतःचं असावं. दिवसाचं भाडं ७,५०० रुपयांपर्यंत असलेल्या खोल्यांवर २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के जीएसटी आहे. बिल मागितल्यास तो त्यावर दिसायला हवा.

लग्नसराईत आणि यात्रांच्या काळात खोल्या मिळणं कठीण होतं. दत्तजयंतीला भरणारी सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा हे त्याचं ठळक उदाहरण. तेव्हा शहादा-दोंडाईचा परिसरात आधी फोन केल्याशिवाय निघू नये.

लॉजचा आणखी एक मोठा फायदा म्हणजे सामान. अजिंठा लेणी जळगावपासून सुमारे ६० किलोमीटरवर आहेत. फर्दापूरच्या तिठ्यावर खाजगी वाहनं सोडून बसने लेण्यांकडे जावं लागतं. तंबू, स्लीपिंग बॅग आणि सॅडल बॅगा लादलेली बाईक चार तास पार्किंगमध्ये सोडून लेण्यांत मन रमत नाही. फर्दापूरला किंवा जळगावला खोली घेऊन सामान तिथे ठेवलं, तर हा प्रश्न उरत नाही. अजिंठा लेणी सोमवारी बंद असतात, हेही लक्षात ठेवावं.

खर्चाचा हिशेब

तंबू म्हणजे फुकट मुक्काम, हा गैरसमज आहे. उदाहरणार्थ, तंबू, स्लीपिंग बॅग, मॅट आणि हेडलॅम्प यांवर ९,००० रुपये खर्च झाले आणि लॉजची खोली ९०० रुपयांना मिळते, असं धरू. एकट्या रायडरला ते पैसे वसूल व्हायला १० रात्री तंबूत काढाव्या लागतील. दोघांनी खोली वाटून घेतली तर प्रत्येकी ४५० रुपये होतात, म्हणजे एकाचा खर्च वसूल व्हायला २० रात्री लागतील. वर सांगितल्याप्रमाणे खानदेशात तंबूचा हंगाम चारच महिने. वर्षातून एकदा फिरणाऱ्याने तंबू विकत घेण्यापेक्षा भाड्याने किंवा मित्राकडून घ्यावा.

वजनाचाही हिशेब आहे. मुक्कामाचं हे सामान सहज सहा-आठ किलो भरतं. ते मागच्या कॅरिअरवर उंच बांधलं तर वळणावर बाईक डोलते. जड वस्तू खाली आणि सीटजवळ ठेवाव्यात, टायरमधली हवा कंपनीने दिलेल्या आकड्यानुसार वाढवावी आणि नायलॉनची कुठलीही पिशवी सायलेन्सरला टेकत नाही ना, हे पाहावं.

तिसरा मार्ग : मळ्यातला मुक्काम

तंबू आणि लॉज यांच्या मध्ये खानदेशाची स्वतःची एक पद्धत आहे. थंडीत वांगी आली की शेतात भरीत पार्टी होते. कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर, म्हणजे पऱ्हाटीवर, वांगी भाजायची, ती हिरवी मिरची आणि लसणासोबत बडगीत कुटायची आणि कळण्याच्या भाकरीबरोबर खायची. अशा मळ्यात विहीर असते, पत्र्याची किंवा स्लॅबची खोली असते, राखणदार असतो. ओळखीच्या शेतकऱ्याच्या मळ्यात, त्याच्या परवानगीने, खोलीजवळ लावलेला तंबू हा या भागातला सर्वांत चांगला कॅम्प. पाणी, माणूस आणि भिंत तिन्ही जवळ असतात. ओळख नसेल तर कृषी पर्यटन केंद्रांचा पर्याय आहे. त्यांच्यासाठी राज्याचं २०२० चं स्वतंत्र धोरण आहे.

गावाच्या मोकळ्या जागेत राहायचं ठरलं, तर दिवस असतानाच सरपंच किंवा पोलीस पाटलांना भेटून सांगावं. अंधारात आलेली अनोळखी बाईक गावाला संशयास्पद वाटते. तीच बाईक संध्याकाळी चावडीवर थांबून गेली असेल, तर अनेकदा जेवणाचं आमंत्रणही मिळतं.

थोडक्यात

- मार्च ते मध्य जून : लॉज. दुपारी विश्रांती, पहाटे प्रवास.
- पावसाळा : लॉज किंवा भक्तनिवास. नदी-नाल्याकाठी आणि घाटाखाली मुक्काम नको.
- ऑक्टोबर : दिवसा ऑक्टोबर हीट, रात्री बऱ्या. परतीचा पाऊस संपल्याची खात्री झाली तरच तंबू.
- नोव्हेंबर ते फेब्रुवारी : तंबू उत्तम, पण खाजगी जागेत, मालकाच्या परवानगीने आणि थंडीच्या तयारीने.
- अभयारण्य, राखीव वन, किल्ले, लेणी : अधिकृत सोय नसेल तर मुक्काम नाही.
- सलग ३०० किलोमीटरहून जास्त चालवून झालं असेल : ऋतू कोणताही असो, खोली घ्यावी. थकलेल्या शरीराला तंबू उभारण्याचंही काम नको असतं.
- सोबत ठेवायचे क्रमांक : आपत्कालीन ११२, रुग्णवाहिका १०८, राष्ट्रीय महामार्ग १०३३, वनविभाग १९२६.

दोन्ही पर्याय एकाच ट्रिपमध्येही बसतात. डिसेंबरात नाशिककडून आलेला रायडर पहिली रात्र धुळ्यात लॉजवर, दुसरी रावेर-यावल पट्ट्यात ओळखीच्या मळ्यात तंबूत आणि तिसरी अजिंठ्यासाठी फर्दापूरला खोलीत काढू शकतो. मुक्काम कुठलाही असो, तो बरोबर होता की चूक, हे दुसऱ्या दिवशी सकाळी हँडल हातात घेतल्यावर कळतं. डोळे चुरचुरत नसतील आणि मान आखडली नसेल, तर निवड योग्य होती. आणि ते होत असेल, तर चहा घेऊन आणखी दोन तास झोपावं. रस्ता तिथेच असतो.